वेशभूषा – धुरपता

गीतांजली: नेटवर्कचं नाव सांगू नको दादा. दुसऱ्यांची गाणी चालायलीत. माझीच कामून उघडंनात?

व्यंकट: उघडतील गं. कधी कधी होतंय असं. वरूनच प्रॉब्लेम असतंय.

गीतांजली: वरून म्हणजे कुठून? आभाळातून?

व्यंकट: कंपनीकडून. तुला त्यातलं कळत न्हाई.

गीतांजली: कळत न्हाई म्हणून तर सहा वर्षं चॅनल तुझ्या हातात दिलं. हे बघ. ‘निलंग्याची लाल गाडी’, हा व्हिडिओ उपलब्ध नाही. ‘उसात हरवलं घड्याळ’, उपलब्ध नाही. अडतीस गाणी हायत आपली. अडतीसच्या अडतीस एकाच दिवशी आजारी पडली का?

धुरपता: हळू बोला रे. दार उघडं हाय.

गीतांजली: माय, तू शिव. आमचं आम्ही बघतो. दादा, अडीच वाजलेत. चार वाजायच्या आत मॅडमला गाणी धाडायचीत.

व्यंकट: कोण मॅडम?

गीतांजली: जेवताना सगळं सांगितलं की! तू ताटात बघत होतास. लातूरला पिक्चर चालू व्हायलंय. हिरोइनीच्या बहिणीचं काम. अकरा सीन. ठरलेली पोरगी आलीच न्हाई. उजमा तिथं मेकअपला हाय, तिनं माझं नाव घातलं. मॅडम म्हणल्या, आधी काय काम केलंय ते पाठव, तीन गाणी बस झाली. चारपर्यंत आली तर डायरेक्टरला दाखवते, न्हाईतर दुसरी पोरगी येऊन बसलेलीच हाय.

व्यंकट: अकरा सीन म्हणजे लई झाले.

गीतांजली: आन् तुझं तोंड असं उतरलंय कामून? सहा वर्षं आपण ह्याचीच वाट बघायलो ना?

व्यंकट: उतरलं न्हाई. ऊन लागलंय मला.

गीतांजली: दादा, तू खोटं बोलायलास की डाव्या कानाला हात लावतूस. पाचवीत मास्तरची सायकल पंक्चर केलास तवापसनं. आत्ता बी हात तिथंच हाय.

व्यंकट: काय बी बोलतीस.

गीतांजली: काढ हात. आन् सांग.

व्यंकट: ओरडायचं न्हाई.

गीतांजली: सांग.

व्यंकट: मी झाकून ठेवलीत.

गीतांजली: काय?

व्यंकट: गाणी. पुसली न्हाईत, नुसती झाकलीत. चॅनलमधे तशी सोय असती. आपल्याला दिसतेत, लोकाला दिसत न्हाईत. थोड्या दिवसांचा प्रश्न हाय. लग्न झालं की उघडणार होतो.

गीतांजली: कुणाचं लग्न?

व्यंकट: माझं.

गीतांजली: तुझं लग्न ठरलं?

व्यंकट: ठरलं म्हणजे जवळजवळ ठरलं. शिरूर अनंतपाळची हाय. बबिता नाव. डी.एड. झालीय. रविवारी घर बघून गेले.

गीतांजली: रविवारी? कोणत्या रविवारी?

व्यंकट: ह्याच.

गीतांजली: ह्या रविवारी तर तू मला बिलोलीला पाठवलंस. ‘हळदीच्या गाण्याला मळा बघून ये, मालकाशी बोलणं झालंय.’ पहाटं उठून गेले मी. दोन गाड्या बदलल्या. तिथं ना मळा, ना मालक. लोकं म्हणले, बाई, ह्या नावाचं माणूसच न्हाई आमच्यात. आन् दादा, येताना गाडीत मला कुणाची कीव आली, ठाऊक हाय? तुझी. म्हणलं, माझ्या भोळ्या भावाला कुणीतरी फसवलं.

व्यंकट: गीता…

गीतांजली: घरी येऊन सांगितलं बी मी तुला. तू म्हणलास, ‘जाऊ दे, लोकं लई बेकार झालेत.’

व्यंकट: मला काय सुचलं न्हाई गं.

गीतांजली: सुचलं की! बिलोली सुचली. थांब, थांब. सोमवारी तू माझा मोबाईल दुरुस्तीला नेलास. डिस्प्लेवर रेघ दिसायली म्हणलास. मला तर रेघ कधी दिसली न्हाई. आज सकाळी आणून दिलास. म्हणजे तीन दिवस मला चॅनल दिसू नये म्हणून?

व्यंकट: काच नवी बसवलीय त्याला.

गीतांजली: उपकार झाले. आन् कपाटावरची माझी ढाल? नांदेडच्या स्पर्धेतली? मी विचारलं तर माय म्हणली, धूळ पुसायला काढलीय.

धुरपता: ज्वारीच्या कोठीत हाय. जुन्या लुगड्यात गुंडाळून ठिवलीय. मोडली न्हाई.

गीतांजली: तुला बी ठाऊक होतं माय?

धुरपता: पाहुणे येणार होते. ढालीवर तुझा फोटू हाय नाचायचा.

गीतांजली: उत्कृष्ट नायिका लिहिलंय त्याच्यावर. तूच पयल्यांदा वाचलीस. अर्धा तास लागला होता तुला, ‘त्कृ’पाशी अडकली होतीस. आन् तीच ज्वारीत घातलीस. बरं. पोरगी कोण, सोयरे कोण, मला काय घेणं न्हाई. दादा, मला नुसतं एक सांग. मला विचारलं असतंस तर मी नको म्हणले असते का?

व्यंकट: तसं न्हाई.

गीतांजली: कसं? ‘गीते, माझं वय एकतीस झालंय, तीन स्थळं मोडलीत, महिनाभर गाणी झाकू का?’ एवढंच विचारायचं होतं. मीच माझ्या हातानं झाकली असती. वरून तुझ्या हळदीला नाचले असते.

व्यंकट: तेच तर नको होतं त्यांना.

गीतांजली: काय?

व्यंकट: नाचणं. म्हणजे त्यांचं म्हणणं, माझं न्हाई. मी तर तुझी सगळी गाणी शूट केलीत. माझ्या मनात तसं असतं तर केली असती का?

गीतांजली: नांदेडच्या संगमेशनं मला तीन बारी बोलावलं. त्याच्या गाण्यातल्या पोरी आज पुण्याला मालिकेत हायत. तू काय म्हणलास? ‘परक्याच्या चॅनलवर कशाला तोंड दाखवतीस, आपलं घरचं चॅनल हाय. घरचं कवा बुडत न्हाई.’ तिन्ही बारी मी त्याला न्हाई म्हणले. एक बी गाणं बाहेर केलं न्हाई. पासवर्ड बी मागितला न्हाई तुला. भावाला काय पासवर्ड मागायचा?

व्यंकट: माझी चूक झाली. मोठी झाली. हाणायचं असंल तर हाण.

गीतांजली: तुला हाणत बसायला टाईम न्हाई. उघड. तीनच उघड. लाल गाडी, घड्याळ आन् ते पावसातलं. अर्ध्या तासासाठी उघड, मॅडमनी बघितली की परत झाक. जा, तुझी बबिता तुला मिळू दे.

व्यंकट: खरंच? एवढंच?

गीतांजली: उघड म्हणलं की. पावणेतीन झाले.

व्यंकट: उघडतो. आत्ता उघडतो. बघ, तू उगं घाबरलीस. एक बटण असतंय, ते फिरवलं की… थांब. हे काय दाखवायलंय?

गीतांजली: काय झालं?

व्यंकट: थांब जरा. बंद करून चालू करतो.

गीतांजली: दादा?

व्यंकट: शून्य दाखवायलंय.

गीतांजली: नीट बघ. झाकलेली वेगळीकडं असतील.

व्यंकट: तिथंच बघायलोय. झाकलेली बी शून्य. रविवारी संध्याकाळी मीच झाकली, अडतीस. मी मोजलीत. गीता, तुझ्या गळ्याची आण, मी पुसली न्हाईत. कुणीतरी चॅनलमधे घुसलंय. हॅक झालंय!

गीतांजली: कोण घुसंल? पासवर्ड तुझ्याकडं.

व्यंकट: माझ्याकडं, आन् मीच मायच्या जुन्या मोबाईलवर चालू करून दिलं होतं ना, कमेंटा वाचायला… तेवढंच.

(शिलाई मशीन थांबते.)

धुरपता: त्याला बोलू नको. मी पुसली.

व्यंकट: माय, तुला कुठं येतंय त्यातलं? चुकून हात लागला असंल. कुठं लागला सांग, कोणत्या चिन्हावर?

धुरपता: चुकून न्हाई. वाचून दाबलं. प्रत्येक गाण्याला ते विचारतंय. ‘हे कायमचे हटवायचे का?’ खाली दोन शब्द. एक ‘रद्द करा’. एक ‘हटवा’. त्याच्या आधी एक चौकोन असतोय, त्याच्यात खूण करावी लागती, की परत मिळणार न्हाई ते मला समजलं म्हणून. अडतीस बारी खूण केली.

व्यंकट: अरे देवा.

धुरपता: सोमवारी सकाळी बसले. दुपार झाली. मला वाचायला टाईम लागतोय. गीता, बोल की काहीतरी. शिव्या दे.

गीतांजली: दादा, परत आणता येतंय का?

व्यंकट: न्हाई. कचऱ्याची पेटी नसती त्याला. एकदा गेलं की गेलं.

गीतांजली: तुझ्याकडं असतील की. शूट केलेलं. कॅमेऱ्यातलं.

व्यंकट: एकच कार्ड होतं आपल्याकडं. गाणं चॅनलवर चढलं की कार्ड पुसायचं आन् पुढच्या लग्नाची ऑर्डर त्याच्यावर घ्यायची. तुला ठाऊकच हाय. आपण म्हणायचो, चॅनल हीच आपली कोठी. तिथं टाकलं की काळजी न्हाई.

गीतांजली: कंप्युटरात?

व्यंकट: जागा कुठं होती? एका लग्नाचं शूटिंग किती असतंय. जुनं पुसत गेलो.

गीतांजली: उजमाकडं मेकअपचे फोटू हायत. मामीच्या मोबाईलात लाल गाडीचा तुकडा असंल, स्टेटसला ठेवलेला. त्याच्यात मी दोनदा वळते आन् गाडी सुटती. तेवढ्यावर कोण मला अकरा सीन देईल?

व्यंकट: लोकांनी कुणीतरी काढून ठेवली असतील गाणी. बारा लाख लोकांनी बघितलीत.

गीतांजली: बघितलीत. जपून कोण ठेवतंय? मी तरी ठेवली का? आपलंच हाय म्हणून.

धुरपता: मला वाटलं होतं, तू रडशील.

गीतांजली: रडते नंतर. आधी कळू दे. कामून, माय?

धुरपता: तू मला अक्षरं शिकवलीस ना.

गीतांजली: त्याचा काय संबंध?

धुरपता: हाय. बावन्न वर्षं अंगठा लावला मी. तुझं गाणं यायचं, मी बघायचे. माझी पोरगी, मी शिवलेल्या चोळीत, फुलपाखरागत फिरायली. एवढंच दिसायचं. शेवटी नावं यायची काळ्यावर पांढरी, ते मला नुसतं रांगोळीच्या ठिपक्यावाणी. मंग तू ते थांबवून ठिवायचीस. म्हणायचीस, माय, हे वाच. हे तुझं. धु, र, प, ता. चारच अक्षरं हायत बघ.

गीतांजली: वेशभूषा – धुरपता.

धुरपता: ‘वेशभूषा’ लई अवघड होतं. धुरपता पयलं आलं. मंग तू हा मोबाईल मराठीत करून दिलास आन् म्हणलीस, आता कमेंटा वाच, सराव होईल. वाचल्या. पयल्या पयल्या चांगल्या होत्या. ‘ताई लई भारी.’ ‘निलंग्याची शान.’ मला लई अभिमान वाटला. त्याच्या खाली गेले, तर…

व्यंकट: माय, ते लोकं तसंच लिहितेत. सगळ्यांच्याच खाली लिहितेत.

धुरपता: तुला ठाऊक होतं?

व्यंकट: म्हणजे… असतेत तशी लोकं.

धुरपता: मला वाचता येत नव्हतं तवा मी गाणं बघत होते. वाचता यायला लागलं आन् गाणं दिसायचंच बंद झालं. नुसतं खालचं दिसून राहिलं. दूध घालतोय तो माउली. दारात उभा राहून ‘मावशी, पातेलं आणा’ म्हणतोय. त्यानं तुझ्या छातीबद्दल घाण लिहिलं होतं. नाव, फोटू सगळं त्याचं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याच हातचं दूध घेतलं. चहा केला, तुला दिला.

गीतांजली: म्हणून तू दूध बदललंस.

धुरपता: एकेक पुसायचे मी. ‘हटवा’ तिथंच शिकले. शिवण झालं की दुपारी बसायचे. एक पुसलं की चार उगवायचे. दोन वर्षं पुसले. तुला दिसू नये म्हणून.

गीतांजली: माय, मी वाचलेत ते.

धुरपता: काय वाचलंस?

गीतांजली: सगळे. पहिल्या गाण्यापसनं. माउलीचं बी. तू पुसायच्या आधी मी वाचलेलं असायचं. मी म्हणायचे, कंपनीच काढून टाकती वाटतं घाण. वाचायचे, तोंड धुवायचे आन् पुढच्या गाण्याच्या स्टेप बसवायचे. वाचून बी नाचले मी. अडतीस बारी.

धुरपता: मंग मला कामून शिकवलंस वाचायला?

गीतांजली: तुझं नाव तुला वाचता यावं म्हणून.

व्यंकट: बघा, आता दोघी बी एकमेकीसाठीच… म्हणजे मायनं तुझ्या भल्यासाठीच केलं. झालं गेलं…

गीतांजली: थांब दादा. तू मधी गोड करू नको. माय, दोन वर्षांपसनं वाचतीस. दोन वर्षांत पुसली न्हाईस गाणी. दिवाळीत न्हाई पुसली. माउलीनं लिहिलं तवा न्हाई पुसली. सोमवारी पुसलीस. पाहुणे रविवारी आले. रविवारी काय झालं?

व्यंकट: काय व्हायचंय? जेवले, गेले.

गीतांजली: कानाला हात लावू नको. माय, तू सांग.

धुरपता: पंगतीला बसले होते. पुरणाची पोळी केली होती. पोरीची आजी, ती शरणम्मा, लई चांगली बाई. म्हणली, हातात गोडी हाय तुमच्या. मी तूप वाढत होते. तेवढ्यात पोरीच्या मामानं, पिराजीनं, मोबाईल काढला. माझ्यापुढं धरला. लाल गाडीचं गाणं होतं. तू गाडीच्या दारात उभी, हिरवं परकर-पोलकं. मी शिवलेलं. म्हणला, ‘बाई, ही नाचणारी तुमची लेक का? लोकं म्हणतेत.’

गीतांजली: मंग?

धुरपता: सगळ्यांचे हात थांबले. ताटावरच.

गीतांजली: तू काय म्हणलीस?

धुरपता: न्हाई म्हणलं.

गीतांजली: काय न्हाई?

धुरपता: माझी न्हाई म्हणलं. ‘आमची लेक हैदराबादला नर्सिंगला हाय. ही दुसरीच कुणी हाय. तोंडावळा सारखा असंल.’ अन्नावर हात ठिवून म्हणलं, गीता. त्यानं मागितलं न्हाई, मीच ठिवला. तोंडातनं निघून गेलं ते परत घेता आलं न्हाई.

गीतांजली: दादा, तू तिथंच होतास?

व्यंकट: होतो.

गीतांजली: काय म्हणलास?

व्यंकट: मी… पाणी आणाय उठलो.

गीतांजली: पाणी आणाय.

व्यंकट: माझ्या जागी तू असतीस तर…

गीतांजली: तुझ्यासाठी मी सहा वर्षं उभी होते. रणरणत्या उन्हात तू म्हणायचास, अजून एक टेक, गीते. पायाला फोड आले तरी म्हणायचास, चेहऱ्यावर दिसू देऊ नको. न्हाई दिसू दिलं. तुला एकदा माझ्यासाठी बसून राहायचं होतं. नुसतं बसून. तू पाणी आणाय उठलास.

धुरपता: व्यंकट संध्याकाळी म्हणला, झाकतो, लग्न झालं की उघडतो. म्हणजे एक दिवस उघडणारच. मामा एक दिवस शेवटपर्यंत बघणारच. आन् प्रत्येक गाण्याच्या शेवटी तुझ्या नावाखाली माझं नाव. निलंग्यात धुरपता किती असतील? शिवणारी धुरपता किती असतील? अन्नावर हात ठिवून खोटं बोलले मी. मला काही सुचंना.

गीतांजली: म्हणून मला पुसलंस.

धुरपता: माझं नाव बी पुसलं की. अडतीस बारी. मला एवढंच वाचता येत होतं नीट, गीता. तेच पुसलं.

गीतांजली: तुझं तू पुसलंस, माय. माझं मला विचारायचं होतं.

धुरपता: हाव.

गीतांजली: कमेंटाचं मला आधी सांगितलंस, आन् हे मागून. विचारलं नसतं तर सांगितलं असतंस का?

धुरपता: न्हाई.

गीतांजली: बरं झालं, खरं तरी बोललीस.

व्यंकट: सव्वातीन झालेत. गीता, ऐक. अजून टाईम हाय. मागच्या अंगणात उजेड चांगला हाय. हिरवं परकर-पोलकं घाल, मी मोबाईलवर दोन मिनिटांचं शूट करतो. एडिट बिडिट न करता पाठवू. तू नुसती उभी राहिलीस तरी मॅडम खूश होतील. चल, ऊठ.

गीतांजली: तुझ्या कॅमेऱ्यासमोर?

व्यंकट: आता हट्ट करू नको.

गीतांजली: तू कॅमेरा धरलास की मला वाटायचं, ह्या कॅमेऱ्यामागं माझं माणूस हाय. म्हणून लोकं जमली, शिट्ट्या मारल्या, तरी मी तुझ्याकडं बघून हसायचे. सगळ्या गाण्यांत माझं हसू लोकाला आवडायचं ना? ते तुला बघून आलेलं होतं. आता कुठनं आणू?

व्यंकट: मंग मी मॅडमशी बोलतो. सांगतो, चॅनल हॅक झालं. लई जणांचं होतंय. त्यांना खरं वाटंल.

गीतांजली: नको. ह्या घरात आता अजून एक खोटं मावायचं न्हाई. गप बस, फोन वाजायलाय. … हॅलो. हाव मॅडम, गीतांजलीच बोलते. … न्हाई, पाठवलं न्हाई. … न्हाई मॅडम, चारला बी येणार न्हाई. गाणी न्हाईत माझ्याकडं. … उजमानं सांगितलं ते… ती मैतरीण हाय माझी, तिला तसं वाटतंय. … आधीचं काम? कायच न्हाई. … हाव. नवीनच हाय मी.

धुरपता: गीता…

गीतांजली: … नाचता येतंय मॅडम. उन्हात बी येतंय. … गर्दीत बी येतंय, त्याची सवय… न्हाई, म्हणजे होईल सवय. … गर्दीतलं काम? चालंल. चेहरा न्हाई दिसला तरी चालंल. … उद्या अकराला, लातूर. येते. … संग? न्हाई, संग कुणी न्हाई. एकटीच येते. … घरचेच कपडे ना? गावाकडचे? हायत. आणते. बरं मॅडम. … नाव? फक्त गीतांजली लिहा.

व्यंकट: गर्दीतलं काम? तू? बारा लाखांची नायिका?

गीतांजली: कोण बारा लाख? कुठं हायत, दाखव.

धुरपता: मी कधी तुला एकटीला जाऊ दिलं न्हाई शूटिंगला. छत्री धरून उभी राहायचे.

गीतांजली: व्हय. लोकं विचारायचे, ही कोण? तू म्हणायचीस, माझी लेक हाय.

धुरपता: … हिरव्या पोलक्याचे हूक निघालेत. लावून देते. दहा मिनिटाचं काम हाय.

गीतांजली: लाव. सकाळी पहिल्या गाडीनं जाते.

धुरपता: बाही जरा सैल करू का? नाचताना काचायची तुला.

गीतांजली: कर.

व्यंकट: मी सोडतो गाडीवर स्टँडला.

गीतांजली: नको. तू सोयऱ्यांना फोन कर. सांग, घरात अडचण काय उरली न्हाई.

धुरपता: गीता, एक विचारू?

गीतांजली: विचार.

धुरपता: तिथं बी शेवटी नावं येतेत का? शिवणाऱ्याची?

गीतांजली: येतेत. मॅडम विचारतील बी, हे कपडे कुणी शिवले म्हणून. काय सांगू त्यांना?

धुरपता: … बाजारातनं आणले म्हण.